दाराशी यायला लागणारा वेळ

रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिने सवयीने धाकटीला विचारलं, कधीपासून जागी आहेस गं, आणि पडद्यावर उत्तर उमटलं: एक हजार चारशे एकतीस दिवस, पाच तास, बावीस मिनिटं. हे उत्तर तिने याआधी कितीदा तरी वाचलं होतं, नऊशे असताना, हजार असताना, आणि दर वेळी आकडा आपला आकड्याच्या जागी राहिला होता. आज त्याचं शेपूट बोटात शिरलं, कुसळासारखं. दोन दहातून पाच बावीस गेले, उरले आठ अठ्ठेचाळीस. सकाळचे आठ अठ्ठेचाळीस. म्हणजे दादाने, तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने, याच खुर्चीत बसून धाकटीला शेवटचं चालू केलं ती वेळ. त्याच दिवशी चारच्या सुमाराला तो चहाचा कप विसळायला उठला आणि बेसिनपाशीच खाली बसला. मग दवाखाना, मग घर, मग खिडकीतली खुर्ची. हातपाय हळूहळू परत आले, शब्द आले नाहीत. धाकटीला यातलं काहीच माहीत नाही, असं तिच्या मनात आलं. धाकटीच्या लेखी दादा कप विसळायला गेलाय. येईल इतक्यात. आणि हे मनात आल्याबरोबर बटणावर ठेवलेलं तिचं बोट तिथेच राहिलं, जणू दुसऱ्या कुणाचं बोट होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

धाकटी आणि थोरली ही दोन यंत्रं, दोन सर्व्हर. शहरात कुणीही मदतीचा नंबर फिरवला की तो फोन यांच्यापैकी एकीच्या अंगावरून जातो आणि शेजारच्या खोलीतल्या बायकांच्या कानात पडतो, मग त्या अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतात. एकीने राबायचं, दुसरीने पदर खोचून तयार बसायचं. नावं दादाची. त्यानेच तिला हे काम शिकवलं, शेजारी स्टूल ओढून, लहानपणी गणितं शिकवायचा तसं, चुकलं की टपली मारायची तेवढी बाकी ठेवून. पॅचला, म्हणजे यंत्राच्या प्रोग्रॅममधलं भोक बुजवणाऱ्या दुरुस्तीला, तो ठिगळ म्हणायचा. "ठिगळ लावायचं तर कापड अंगावरून उतरवावं लागतं. पण माणूस उघडं पडता कामा नये. म्हणून दोन सदरे." एकीला बाजूला घ्यायचं, ठिगळ लावायचं, झोपवून उठवायचं, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करायचं. मग काम तिच्यावर टाकायचं आणि दुसरीला घ्यायचं. काम इकडून तिकडे जाताना वीस सेकंद जातात. तेवढ्यापुरत्या शेजारच्या बायका कागदावर लिहून घेतात, आणि शहराला पत्ताही लागत नाही. पाळण्यातल्या पोराने कूस बदलावी आणि पाळणा हलू नये, तसं.

काही ठिगळांना झोपवून उठवावं लागत नाही, काहींना लागतं. तशी चार वर्षांत नऊ आली. नऊही वेळा तिने थोरलीला लावली आणि धाकटीपाशी येऊन थांबली. सबबी होत्या. एकदा पूर होता, एकदा तिचं अंग तापलं होतं, एकदा निवडणूक, आणि मग एकदा नुसतंच पुढच्या वेळी. राबत होती धाकटीच, चार वर्षं एकटी, आणि नवीनकोरी थोरली शेजारी बसून. हे उलटं आहे हे तिला कळत होतं. का करतेय हे कळत नव्हतं. मुख्य ऑफिसातले साहेब परवा फोनवर म्हणाले होते, "बाई, दुसऱ्या एका शहरात याच भोकातून चोर शिरले. दीड दिवस फोन बंद. दोन्ही मशिनी, रविवारी, तीनच्या आत. आता सबब नको."

"सबब नव्हती साहेब. काळजी होती."

"तुमची काळजी चार वर्षं चाललीय. एखाद्याचा संसार एवढ्यात मोडून पुन्हा झाला असता."

तिने बोट उचललं आणि आधी थोरलीकडे वळली. ती सोपी होती. ठिगळ लागलं, थोरली निजली, दीड मिनिटात उठली, डोळे चोळले. दोन पंचवीसला ती स्वतः खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीच्या दारात गेली. रविवारच्या दुपारी तिथे तिघीच असतात आणि त्यांच्यात मोठी ती मावशी. कुणाची मावशी हे आता कुणालाच आठवत नाही. गळ्यात हेडफोन अडकवून ती लोकर विणत होती.

"मावशी, वीस सेकंद कागद."

"कागद काय, आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलोय. तू छडी आण."

वीस सेकंद. काम थोरलीवर आलं, आणि धाकटी चार वर्षांत पहिल्यांदा रिकामी झाली. पडद्यावर तिच्या नावापुढचे आकडे एकेक करून शून्याला आले. लेकीबाळी झोपल्यावर एखादी बाई ओट्यापाशी उभी राहते, हात पुसायलाही न सुचता, तसं काहीसं. ती बघत बसली. आता ठिगळ. मग बटण. मग ते एक हजार चारशे एकतीस दिवस जातील, आणि जाऊ देत, ते काही दादाचे नव्हते, ते एका पत्र्याच्या डब्याचे होते. दादा घरी आहे. खिडकीत बसलाय, जेवलाय, वहिनीने त्याचे केस कापलेत. मग हे काय आहे जे जाईल? तिला धड सांगता येईना. रिकाम्या खोलीत शिरल्यावर आपण इथे काय घ्यायला आलो होतो हे विसरावं तसं झालं होतं, फक्त खोली म्हणजे ती स्वतःच होती.

"अगं," मावशी दारात उभी होती, लोकर काखेत. "एक फोन आला. लाइन जुळली, आवाज काही नाही, आणि तुटली. म्हटलं असेल कुणी पोरगं. तर परत तेच."

"कुठून?"

"खाणीपलीकडची वस्ती. तिथली जुनी लाइन, नंबर उमटत नाही, म्हणून उलटा लावताही येत नाही. इतक्या वर्षांत कधी तुटला नव्हता बाई तिथला. तू काही केलंस का?"

तिने काय केलं होतं? थोरलीची फाइल उघडली, धाकटीची उघडली. जिच्यात सगळं लिहून ठेवलेलं असतं, कुणाला कुठे पाठवायचं, कधी थांबायचं, ती फाइल. ओळीला ओळ, अक्षराला अक्षर, सारखी. जुळ्या पोरींच्या कपाळावर एकच टिकली. तरी एकीकडे फोन तुटत होता आणि दुसरीकडे चार वर्षं तुटला नव्हता. खाणीपलीकडे कुणीतरी हातात फोन धरून उभं होतं, दोनदा तुटल्यावर तिसऱ्यांदा लावायचा की नाही असा विचार करत, किंवा विचार करायच्याही पलीकडे. तिला काही समजलं नव्हतं, पण हातांनी समजण्याची वाट पाहिली नाही. "मावशी, पुन्हा कागद," एवढं ती म्हणाली आणि काम परत धाकटीवर टाकलं. ठिगळ न लावलेल्या, भोकासकट उभ्या असलेल्या धाकटीवर. मग मावशीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

तिसरा फोन आला. लाइन जुळली. आत काहीच नव्हतं, विहिरीत वाकून बघावं तसं. मावशीने सुई हलवायची थांबवली. वीस सेकंद, तीस, चाळीस. साधी माणसं एवढी शांतता धरत नाहीत, मध्येच बोलून टाकतात, तिच्या मनात आलं. पन्नास. मग खूप लांबून, गोधडीखालून यावा तसा, एका माणसाचा आवाज, "कुणी आहे का? माझ्या बापाला श्वास येत नाहीये."

"आहे, आहे. मी आहे," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम निराळा झाला, दहा पोरांच्या आईचा. "घर सांगा. त्यांना उठवून बसवा, निजवू नका. गाडी निघाली."

गाडी निघाली. ती आपल्या खोलीत परत आली तेव्हा दोन अडतीस झाले होते. मावशी मागून म्हणाली, "तिकडची लाइन तशीच आहे. आधी जुळते, मग आवाज मागाहून येतो, काठी टेकत. पूर्वी तुटायचे तिथले. मग तुझ्या दादाने काहीतरी केलं होतं. मीच त्याच्या मागे लागले होते त्या दिवसांत." मग जरा थांबून, "त्या दिवसांत म्हणजे, त्याच दिवसांत गं."

तेव्हा तिला दादाची रीत आठवली, आणि आठवली म्हणजे इतकी लख्ख की आपण ती चार वर्षं कुठे ठेवली होती तेच कळेना. तो कुठलाही नवा बदल आधी चालत्या यंत्राच्या कानात सांगायचा, फाइलीत लिहायचा नाही. "आठ दिवस चालवून बघ. टिकलं तर लिही. लिहिलेलं सगळे खरं मानतात, म्हणून घाईने लिहू नये." कानात सांगितलेलं यंत्राच्या लक्षात राहतं, पण जागं असेपर्यंतच. एकदा झोपलं की ते जातं, फाइलीत असेल तेवढंच उरतं. त्या दिवशी सकाळी त्याने धाकटीला चालू केलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्याचे आठ दिवस कधी पुरे झाले नाहीत. धाकटीने एक हजार चारशे एकतीस दिवस ते तोंडपाठ धरून ठेवलं होतं, कारण तिला कुणी झोपू दिलं नव्हतं. मी झोपू दिलं नव्हतं, ती स्वतःशी म्हणाली, आणि यात आपलं शहाणपण होतं की नुसता भित्रेपणा, हे काही तिला ठरवता येईना.

तिने दोघींना विचारलं, या घडीला तुमच्या मनात काय काय आहे ते सगळं सांगा. दोन लांबलचक याद्या आल्या. शेजारी शेजारी ठेवल्या. एकेचाळीस ठिकाणी फरक. चाळीस थोरलीला आजवर लागलेल्या ठिगळांचे होते, ते तिने एकेक करून ओळखले. उरला एक. लाइन जुळल्यावर पलीकडून आवाज आला नाही तर किती सेकंद वाट पाहायची. थोरली म्हणाली, तीस. धाकटी म्हणाली, त्र्याहत्तर.

त्र्याहत्तर. तीस ठीक आहे, ते यंत्र बनवणाऱ्याने ठेवलेलं असतं. साठ ठेवतात, नव्वद ठेवतात. त्र्याहत्तर कुणी ठेवत नाही. आणि तरी हा आकडा तिच्या ओळखीचा होता, वास ओळखीचा असावा तसा, घर आठवत नाही पण घरात कुणीतरी इस्त्री करतंय हे आठवतं. दादाने मोजून ठेवला होता का? की सत्तर पुरले नाहीत म्हणून तीनने वाढवला, उद्या आणखी वाढवणार होता, आणि उद्या आलाच नाही? तसं असेल तर त्र्याहत्तर अपुरा होता, आणि तो फाइलीत लिहिला की कायमचा खरा होणार होता, आणि खाणीपलीकडच्या कुणाचा तरी आवाज पंच्याहत्तराव्या सेकंदाला येणार होता, तुटलेल्या लाइनीवर. कुणाला कधी कळणारही नव्हतं. न आलेला फोन तक्रार करत नाही. घड्याळात दोन त्रेचाळीस. तीनला खाणीची पाळी सुटते, फोन वाढतात, त्यानंतर धाकटीला हात लावता येणार नव्हता. तिने घरी फोन लावला.

"बोला वन्सं," वहिनी म्हणाली. "भाजी चिरतेय. ठिगळं झाली का लावून?"

"दादा काय करतोय?"

"बसलेत. काय करणार? विचारू का काही?"

"तू नको विचारू. फोन त्याच्या कानाशी धर. नाहीतर असं कर, स्पीकरवर टाकून मांडीवर ठेव, आणि तू तुझी भाजी चीर."

फोन ठेवल्याचा आवाज. खिडकीबाहेरच्या रस्त्याचा. आणि त्याचा श्वास, जरासा ओढलेला, जो ती रोज ऐकते आणि कधी ऐकत नाही. "दादा," ती म्हणाली, "धाकटीपाशी त्र्याहत्तर आहे. त्र्याहत्तर का?" तिला एकदम वाटलं की चार वर्षांत आपण याला प्रश्न असा विचारलाच नाही. चहा हवा का, पंखा लावू का, असं विचारायचं, तीन-चार सेकंद त्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि मग आपणच म्हणायचं, हो ना, लावते. सगळेच असं करतात. प्रेमानेच करतात.

पलीकडे तो गुणगुणायला लागला. शब्द नव्हते, नुसती चाल. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं जातं, गाणं कधी कधी राहतं, दुसऱ्या खोलीत असतं ते. वहिनी मागून म्हणाली, "हे दिवसभर चालूच असतं त्यांचं." पण ही चाल तिला माहीत होती. शब्द तिच्याकडे होते, तिने ते त्याच्या चालीखाली मनातल्या मनात धरले, तो पुढे आणि ती मागे, जिना उतरताना असायची तशी:

पहिली हाक माझी पायरीच्या दगडाला
दुसरी हाक माझी दाराच्या गं कडीला
तिसरी हाक माझी निजलेल्या काठीला
ऊठ म्हणावं काठीला, पाय येतो वाटेला.

लहानपणी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणकाकू. त्यांचा एक पाय आखूड होता आणि शिवणयंत्र खिडकीशी, दारापासून लांब. आई फाटकी विजार देऊन पाठवायची, गुडघ्याला ठिगळ लावून आणा, आणि बजावायची, दार वाजवलं की लगेच पळायचं नाही. पण पोरंच ती. एकदा कुणी उघडलं नाही म्हणून दोघं धूम परत आली, आणि मागून वर आवाज आला, काकू रिकाम्या जिन्याला विचारत होत्या, "कोण होतं रे? आले होते मी." पळायची कल्पना दादाची होती की तिची, हे ती अजून ठरवू शकलेली नव्हती. आई ओरडली नाही. तिने तिथल्या तिथे हे कडवं जुळवलं आणि म्हणाली, हे म्हणायचं, सावकाश, आणि मगच... पुढे काय होतं? मगच परत यायचं? दादाने बाबांचं मनगटी घड्याळ आणून मोजलं होतं, त्याला सगळं मोजायचं असायचं. छत्तीस सेकंद. छत्तीस म्हणजे छत्तीस. त्र्याहत्तर नव्हे.

चाल संपली. तिने घड्याळ पाहिलं. छत्तीस. म्हणजे याचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो नुसताच गुणगुणतोय, रोजच्यासारखा, आणि आपण आकड्यांतून भाऊ काढू पाहतोय. ती "बरं दादा, ठेवते" म्हणणार, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात त्याने श्वास घेतला. एक सेकंदाचा. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहिली हाक माझी पायरीच्या दगडाला.

ती मोजत राहिली. छत्तीस, एक श्वास, छत्तीस.

नंतर तिने जे केलं ते क्रमाने केलं, फोन शेजारी तसाच ठेवून. थोरलीच्या फाइलीत तिसाच्या जागी त्र्याहत्तर लिहिलं, तिच्या कानातही सांगितलं. धाकटीच्या फाइलीतही लिहिलं. फाइल बदलली की दोन रकाने भरावे लागतात, बदल कुणी केला आणि का केला. पहिल्या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं, खोडलं, दादाचं लिहिलं. दुसऱ्यापाशी अडली. साहेब वाचतील. मग लिहिलं: पलीकडचं माणूस हळू चालतं. दाराशी यायला वेळ लागतो. वाचून बघितलं, चुकीचं काही नव्हतं, ठेवलं. दारातून म्हणाली, "मावशी, शेवटचा कागद." काम थोरलीवर गेलं. धाकटीला ठिगळ लावलं, मागच्या राहिलेल्या नऊंसकट. दोन त्रेपन्न. आकडा अजून वाढत होता, एक हजार चारशे एकतीस दिवस, सहा तास, पाच मिनिटं. तिने बटण दाबलं, आणि धाकटी, दादाने जागी केलेली, निजली. पडदा काळा झाला.

काळ्या पडद्यात तिचाच चेहरा होता, आणि तिला एकदम काहीच खात्री राहिली नाही. तो दिवसभर हेच गुणगुणत असेल तर? दिवसभर, दहादा, वीसदा, एकामागून एक. मी दोनच ऐकली कारण मला दोनच हवी होती. त्याने त्र्याहत्तर म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं होतं. ती फोनकडे वाकली. "दादा, काकूंच्या दाराशी किती वेळा म्हणायचं होतं रे ते? मला आठवत नाही."

पलीकडे काही नाही. रस्त्याचा आवाज, विळीवर भाजीचा आवाज. तीन-चार सेकंद झाले आणि तिची जीभ सवयीने पुढे आली, जाऊ दे म्हणायला. तिने ती दातांखाली धरली. दहा. समोर पडदा काळाच. वीस. शेजारच्या खोलीत थोरलीवरून आलेला एक फोन मावशी घेत होती, हो, हो, पत्ता सांगा. तीस. इथे तुटलं असतं. चाळीस. त्याचा श्वास बदलला, ओठ हलत असावेत, कुठल्या तरी लांबच्या खोलीतून खुर्ची मागे सरकवून तो उठला असावा, काठी शोधत असावा. ती मनातल्या मनात पायरीच्या दगडाला हाक घालत राहिली, कडीला, काठीला. पन्नास. साठ.

"दोनदा," दादा म्हणाला.

विळी थांबली. "काय दोनदा?" वहिनी म्हणाली. "अहो, काय दोनदा? चहा? वन्सं, ऐकलंत का, हे बोलले. चहा दोनदा म्हणाले का?"

समोर काळ्यावर एक पांढरी ओळ उमटली, मग तिच्याखाली दुसरी, धाकटी उठत होती, अंगावर नवं ठिगळ आणि मनात आता फाइलीत लिहून ठेवलेलं त्र्याहत्तर. शेवटी तिने सवयीने विचारलं, कधीपासून जागी आहेस गं. एक मिनिट, धाकटी म्हणाली. फोनवर वहिनी अजून विचारत होती, हसत होती की रडत होती ते नीट कळत नव्हतं, आणि ती म्हणाली, "वहिनी, तू बोलू नकोस थोडा वेळ. फोन तसाच राहू दे. तो अजून येतोय."